हस्तकलेच्या तासात अडकलेली घडी

एक चौकोनी कागद आधी उभा दुमडला, मग आडवा दुमडला आणि घडीला एका जागी छिद्र पाडलं. कागद पूर्ण उलगडल्यावर कसा दिसेल? खाली चार चित्रं, त्यांतलं एक निवडायचं. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमता चाचणी असते, तिच्यात या धाटणीचे प्रश्न येतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात उभं राहून परीक्षांची मार्गदर्शकं चाळली तर असे प्रश्न पानंच्या पानं भरून सापडतात. मुलं ते ढिगानं सोडवतात आणि त्यासाठी त्यांना एक युक्ती शिकवलेली असते: जितक्या घड्या, तितक्या वेळा छिद्रांची संख्या दुप्पट करत जा. दोन घड्यांना चार छिद्रं, तीन घड्यांना आठ.

आता छिद्र बरोबर घडीच्या कडेवर पाडलं तर? युक्ती तिथंच आपटते. कडेवर अर्धगोल कापला की उलगडल्यावर दोन तुकडे जुळून एकच भोक दिसतं. दोन घड्या जिथं भेटतात तो कोपरा कापला तर चारही पदर मिळून कागदाच्या मधोमध एकच भोक पडतं. ज्या मुलानं एकदा तरी कागद दुमडून कात्री चालवली आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. ज्यानं फक्त छापील चित्रं पाहिली आहेत, ते चार भोकांचा पर्याय शोधत बसतं. घडीवरचा प्रश्न कागदाला हात न लावता सोडवायला शिकवायचं, आणि तेही ज्या वर्गात प्रत्येकाच्या दप्तरात निदान पाच वह्या आहेत तिथं! या विसंगतीची कुणाला गंमतही वाटेनाशी झाली आहे.

माझं म्हणणं साधं आहे. कागदाची घडी हे गणितातलं कारण सांगण्याचं साधन आहे. तिला हस्तकलेच्या तासातून उचलून गणिताच्या तासात आणायला हवं. आणि मुलानं एखाद्या प्रश्नाचं उत्तर कागद दुमडून, का ते सांगून दिलं, तर त्याला गुण मिळायला हवेत. यातला शेवटचा भाग लोकांना खटकतो. सारी अडचणही तिथंच आहे.

शाळेत कागदकाम होत नाही असं नाही. कातरकाम, चिकटकाम, घडीकाम हे शब्द कार्यानुभवाच्या वहीत कायम दिसतात. घोटीव कागदाची होडी, दौत, टोपी, भिरभिरं, विमान हे सगळं होतं. गणपतीच्या आधी पताका होतात, दिवाळीच्या आधी कंदील होतात. त्यांचे फोटो पालकांच्या गटावर जातात, सगळे अंगठे दाखवतात. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला त्याच मुलांपुढं फळ्यावर एक आयत काढला जातो, त्यात तुटक रेषा मारली जाते आणि सांगितलं जातं की हा सममिती अक्ष. कालच्या पताकेशी त्या तुटक रेषेचं काही नातं आहे, हे कुणी बोलत नाही. पतंगी कागदाची घडी घालून नक्षी कापताना मुलानं जे केलं तेच तर फळ्यावर चाललं आहे. पण पताका झाली कला आणि रेषा झाली गणित. दोघींचे तास वेगळे, वह्या वेगळ्या, बहुतेकदा शिक्षकही वेगळे.

ही फाळणी मुळात नव्हती. बालवाडीची कल्पना ज्याच्यापासून सुरू झाली तो जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल मुलांना कागद, ठोकळे आणि काड्या देई तेव्हा त्यांतून होणाऱ्या रचनांचे तीन प्रकार मानी. रोजच्या जगण्यातल्या वस्तूंची रूपं, सौंदर्याची रूपं आणि ज्ञानाची रूपं. होडी, टोपी हे पहिल्या प्रकारात. नक्षी दुसऱ्यात. आणि कागदाचा अर्धा, पाव, अष्टमांश करून त्यांची तुलना करणं हे तिसऱ्यात. तिन्ही त्याच कागदातून, त्याच बैठकीत. आपण पहिली दोन रूपं मनापासून उचलली आणि तिसरं वाटेत सांडलं. पुण्यातल्या कुठल्याही बालवाडीच्या स्नेहसंमेलनाला भिंतीवर काय लावलंय ते बघा: जगण्याची रूपं भरपूर, सौंदर्याची त्याहून जास्त.

तिसरं रूप ज्यानं गांभीर्यानं घेतलं तो माणूस भारतीय होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. टी. सुंदर राव मद्रास इलाख्यात महसूल खात्यात नोकरीला होते. त्यांनी फ्रोबेलच्या पद्धतीतलं घडीकामाचं साहित्य पाहिलं. रंगीत कागदाचे दोनशे चौरस, दुमडायला एक पट्टी आणि सूचनांच्या आकृत्या, एवढंच त्यात होतं. त्यावरून त्यांनी शाळेतली आणि शाळेपुढची भूमिती निव्वळ कागद दुमडून मांडणारं पुस्तक लिहिलं. ते मद्रासमध्ये १८९३ साली छापलं गेलं. जर्मनीतल्या फेलिक्स क्लाइनसारख्या पहिल्या फळीच्या गणितज्ञानं त्याची दखल घेतली आणि त्यामुळे ते अमेरिकेत पोचून १९०१ साली शिकागोहून पुन्हा प्रसिद्ध झालं. एका सरकारी नोकरानं बालवाडीच्या खेळातून काढलेली भूमिती मद्रासहून शिकागोला गेली, पण मद्रासहून पुण्याच्या वर्गात काही ती नीट पोचली नाही.

घडी म्हणजे लहान मुलांचं काम, मोठी भूमिती पट्टी-कंपासनं होते, असा एक समज आहे. तो चक्क चुकीचा आहे. फक्त पट्टी आणि कंपास वापरून वाटेल त्या कोनाचे तीन समान भाग करता येतीलच असं नाही, हे पिएर वांझेल या फ्रेंच गणितज्ञानं १८३७ साली सिद्ध केलं. (त्याच वर्षी फ्रोबेलनं ब्लांकेनबुर्गला आपली संस्था काढली. योगायोगच, पण मला तो आवडतो.) पुढं १९३६ साली मार्गेरिटा बेलोक या इटालियन गणितज्ञ बाईंनी दाखवलं की कागदाच्या घडीनं घन समीकरणं सोडवता येतात. म्हणजे कोनाचे तीन भागही करता येतात, जे कंपासपेटीला जमत नाही. घडी ही कंपासपेक्षा वरचढ आहे. तरी सातवीच्या मुलाकडे कंपासपेटी नसली तर त्याला उभं करतात, आणि त्यानं वहीचं पान दुमडलं तरी त्याला उभंच करतात.

ओरिगामीचं महत्त्व पटवायचं झालं की लोक लगेच जपानी अवकाशयानाच्या घडीच्या सौरपटलांकडे धावतात. उदाहरण खरं आहे, पण चौथीतल्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि कागद दुमडण्यासाठी आपल्याला अवकाशाचा दाखला लागतो, यातच आपला कागदावरचा अविश्वास दिसतो. त्यापेक्षा अपूर्णांकांकडे येऊ. प्राथमिक शाळेत गणिताचा हात सुटतो तो बहुतेक वेळा इथंच.

जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असे. या पाढ्यांविषयी पुण्यात गळा दाटून येणारे पुष्कळ भेटतात. पण पाढ्यांच्या मागं उभा होता तो व्यवहार. रुपयाचे सोळा आणे, शेराच्या सोळा छटाका. अर्धा, पाव, अदपाव, छटाक ही सगळी निम्म्याची निम्मी वाटणी रोज नाण्यात आणि वजनात हाताखालून जात होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि तो व्यवहार हळूहळू संपला. तो परत आणण्यात अर्थ नाही. पण त्या वाटणीची हाताला झालेली सवय परत मिळवण्याचा स्वस्तातला मार्ग मात्र समोर पडला आहे. कागद एकदा दुमडला की अर्धा, दोनदा दुमडला की पाव, चारदा दुमडला की सोळावा. म्हणजे कागदाच्या रुपयातला एक आणा.

यात मूल काय शिकतं? पहिली गोष्ट अगदी बारकी आणि फार मोठी. आठवा भाग पाव भागापेक्षा लहान असतो. मुलं याच्या उलट सांगतात, कारण आठ हा आकडा चारपेक्षा मोठा. फळ्यावर दहा वेळा सांगून ही समजूत जात नाही. कागद प्रत्येक घडीला लहान होताना दिसतो आणि हातात जाड होताना कळतो, तेव्हा ती जाते. दुसरी गोष्ट, सममूल्य अपूर्णांक. कागदाच्या चार भागांपैकी तीन रंगवा. मग सगळा कागद आणखी एकदा मधे दुमडून उलगडा. आता आठ घरं आहेत, त्यांतली सहा रंगलेली. रंग एक थेंबही वाढला नाही, एक थेंबही कमी झाला नाही. ३/४ आणि ६/८ एकच का, याचं कारण मुलाच्या हातातच आहे. अंश आणि छेदाला एकाच संख्येनं गुणा, हा नियम यानंतर सांगितला तर तो लिहायची सोय म्हणून येतो, हुकूम म्हणून येत नाही.

आणि मग ती कुप्रसिद्ध बेरीज. अर्धा अधिक एक तृतीयांश. मुलं २/५ लिहितात, आणि पुढं मोठी झाल्यावरही काही जण तेच लिहितात. एक आयताकार कागद उभ्या घड्यांनी तीन भागांत वाटा आणि आडव्या घडीनं दोन भागांत. उलगडला की सहा घरं दिसतात. अर्धा म्हणजे तीन घरं, तृतीयांश म्हणजे दोन घरं. पाच घरं झाली, सहांपैकी. छेद समान का करायचा, लसावि कशाला काढायचा, हे सगळं या सहा घरांत आहे.

पण इथं एक गंमत होते आणि ती शिक्षकानं सोडू नये. मुलं अर्धा आणि तृतीयांश एकाच कागदावर रंगवतात. मग मोजतात तर रंगलेली घरं चारच! एक घर दोनदा रंगलेलं असतं. घाईत असलेला शिक्षक म्हणतो, ‘दोन वेगळे कागद घ्या.’ बरोबरच आहे, बेरजेसाठी दोन कागद लागतात. पण ते दोनदा रंगलेलं घर म्हणजे काय? अर्ध्याचा तृतीयांश, म्हणजेच गुणाकार, १/६. बेरजेच्या वाटेवर चुकून गुणाकार सापडला. पुस्तकात या दोन गोष्टींमध्ये कित्येक पानांचं अंतर असतं. कागदावर त्या एका घराच्या अंतरावर आहेत.

सममितीबद्दलही असंच. आयताला किती सममिती अक्ष असतात, असं विचारा. मुलांना विचारा, घरी पालकांनाही विचारा. ‘चार’ असं उत्तर बरेच जण छातीठोकपणे देतात: एक उभा, एक आडवा आणि दोन कर्ण. कर्णावर आयत दुमडून बघितला की दोन कोपरे कानासारखे बाहेर येतात आणि वाद मिटतो. दोनच अक्ष. आता खरा प्रश्न पुढं आहे: कर्णावर कापलं तर दोन तुकडे सारखे असतात की नाही? असतात. एक तुकडा फिरवून दुसऱ्यावर ठेवला की तंतोतंत बसतो. म्हणजे अर्धा झाला, पण आरशातला जोडीदार झाला नाही. ‘अर्धा’ आणि ‘सममित’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चौथी-पाचवीतल्या मुलाला समजावण्याचा याहून छोटा रस्ता मला माहीत नाही. शिवाय एकाच मापाच्या दोन कागदांपैकी एक मधोमध सरळ कापला आणि दुसरा कर्णावर कापला, तर मिळणारा आयत आणि मिळणारा त्रिकोण यांत मोठं कोण? मुलं कडाकडा भांडतात. त्रिकोण लांब दिसतो म्हणून तो मोठा, असं एक टोळकं नेहमी असतं. शेवटी कुणीतरी म्हणतं, दोन्ही अर्धेच आहेत ना? फूटपट्टी नाही, सूत्र नाही, क्षेत्रफळाचं निव्वळ कारण. हे ज्या वर्गात घडतं तिथं भूमिती सुरू झाली, असं मी समजतो.

तीन भागांचं काय? निम्म्याची निम्मी घडी सगळ्यांना येते, तिसरा भाग मात्र सहज येत नाही. जुन्या हिशेबातही रुपयाचा तिसरा भाग म्हणजे पाच आणे चार पै असा अवघडलेलाच होता. मुलं कागद गोल सरकवत, अंदाज घेत तीन पदर जुळवतात, जसं आपण पत्र लिफाफ्यात घालताना करतो. ते अंदाज घेणं चालू द्यावं. पण आठवी-नववीच्या वर्गात तंतोतंत तिसरा भाग काढायची एक सुरेख रीत आहे. ती जपानचे काझुओ हागा यांच्या नावानं ओळखली जाते, आणि हागा पेशानं जीवशास्त्रज्ञ.

वर्तमानपत्रातून २४ सेंटिमीटर बाजूचा चौरस कापा. वरच्या कडेच्या मध्यावर खूण करा. खालचा उजवा कोपरा उचलून त्या खुणेवर टेकवा आणि घडी दाबा. खालची कड आता तिरकी होऊन डाव्या कडेला एका जागी छेदते. ती जागा वरून बरोबर १६ सेंटिमीटरवर येते, म्हणजे दोन तृतीयांशावर. का? वर उजवीकडे जो काटकोन त्रिकोण तयार होतो, त्याच्या बाजू ९, १२ आणि १५. डावीकडे जो होतो तो त्याच्याशी समरूप, १२, १६ आणि २०. पायथागोरसचा सिद्धांत आणि समरूप त्रिकोण दोन्ही एकाच घडीत येऊन बसले. जी मुलं ‘हे कुठं उपयोगी पडतं’ म्हणून विचारतात, त्यांना निदान एवढं तरी दाखवता येईल की पायथागोरस वापरून वर्तमानपत्राचे तीन सारखे भाग करता येतात.

झेरॉक्सच्या दुकानातला ए-फोर कागदही असाच दुर्लक्षित. २१० गुणिले २९७ मिलिमीटर, हे विचित्र आकडे कुठून आले असं वर्गात कुणी विचारत नाही. तो मधोमध दुमडला तरी आकाराचं प्रमाण तेच राहतं, आणि तसं राहायचं असेल तर लांबी-रुंदीचं गुणोत्तर दोनाचं वर्गमूळच असावं लागतं. जर्मनीत १९२२ साली या कागदांचं प्रमाण ठरलं ते याच हिशेबानं. पडताळा हातानं घेता येतो: कागदाचा एक कोपरा दुमडून आखूड बाजूचा चौरस करा, तिरकी घडी म्हणजे चौरसाचा कर्ण, आणि दुसऱ्या ए-फोरची लांब बाजू त्यावर ठेवा. जुळते. नववीत दोनाचं वर्गमूळ अपरिमेय असतं हे पाठ करणाऱ्या मुलाच्या प्रकल्पाची छापील पानं त्याच गुणोत्तराची असतात.

हे सगळं मी पुण्याच्या संदर्भात का सांगतो? कारण महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत मूल काय शिकेल, याचे निर्णय बऱ्याच अंशी या शहरात होतात. पाठ्यपुस्तकं करणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची दिशा ठरवणारी राज्याची परिषद कुमठेकर रस्त्यावर आहे. पुस्तकं आणि मार्गदर्शकं विकणारा चौक तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कागदाशी तर या शहराचं जुनं नातं. कसब्यातल्या कागदीपुऱ्यात हातकागद बनवणारे राहत. आणि विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतलं मुक्तांगण हे मुलांचं विज्ञान केंद्र आहे, सुनीताबाई देशपांडे यांनी पुलंच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘पुलस्त्य’ या इमारतीत. २०१८ साली पद्मश्री मिळालेले अरविंद गुप्ता तिथं बरीच वर्षं होते. वर्तमानपत्र, काड्यापेटी, सायकलची ट्यूब यांतून विज्ञान कसं निघतं हे त्यांनी हजारो मुलांना दाखवलं.

पण शाळांनी त्याचं काय केलं? सहल काढली. बस करून मुलं एकदा मुक्तांगणात नेली, डबे खाल्ले, परत आणली. ज्या गोष्टीसाठी फक्त रद्दी लागते ती पाहायला बसभाडं भरायचं आणि स्वतःच्या वर्गात मात्र तिला फिरकू द्यायचं नाही. एवढं जवळ असूनही जे वर्गात उतरत नाही, ते मुक्तांगण कमी पडलं म्हणून उतरत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल.

आता आक्षेप. साठ मुलांच्या वर्गात कागद वाटायचे कसे, हा नेहमीचा. मला तो फार भारी वाटत नाही. कात्री लागत नाही, डिंक लागत नाही, एका बाजूनं कोरी रद्दी कुठल्याही कार्यालयात पडलेली असते, आणि घडीला पाच मिनिटं पुरतात. ‘पोर्शन संपत नाही’ हे गाऱ्हाणं खरं आहे, पण जो भाग मुलाला कळला नाही तो संपला असं म्हणायचं कशाच्या जोरावर?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: घडीनं दिसतं, सिद्ध होत नाही. त्रिकोणाचे तीन कोपरे दुमडून तळाच्या बाजूवर एका बिंदूपाशी आणले की सरळ कोन होतो, पण तो या एका त्रिकोणाचा. दुसऱ्याचा होईल कशावरून? शिवाय कागदाला जाडी असते, घडी अर्धा मिलिमीटर इकडं तिकडं जाते, बत्तिसावा भाग कधीच नीट जुळत नाही. मला वाटतं, हे लपवू नये. उलट मुलांना विचारावं की घडी थोडी चुकली तरी तुम्हाला खात्री का आहे? सातवीत कोनदुभाजक एकसंपाती असतात हे कंपासनं काढायला लावतात. तिथंही पेन्सिलीच्या तीन रेषा क्वचितच एका बिंदूत भेटतात आणि मूल गुपचूप टिंब जाड करतं. कागदावर दुभाजक काढायचा म्हणजे कोनाची एक बाजू दुसरीवर ठेवून दुमडायची, बस. दुभाजक म्हणजे काय, हे त्या कृतीतच सांगितलं गेलं. पुढची सिद्धता त्यातून निघते: घडीवरचा कुठलाही बिंदू दोन्ही बाजूंपासून सारख्याच अंतरावर. ज्या मुलाला रेषा नुसती पाहून उमगत नाही, त्याच्या नखालाही घडीची ही रेषा लागते. फळ्यावरची तुटक रेषा लागत नाही.

मला स्वतःला भीती वाटते ती तिसऱ्याच गोष्टीची. उद्या वरून आदेश निघाला की गणितात घडीकाम करा, तर ते कसं होईल? शिक्षक पुढं उभे राहतील आणि म्हणतील, ‘आता सगळ्यांनी ही बाजू आत घ्या. आता उलटा. आता दाबा.’ साठ मुलं साठ सारख्या होड्या करतील आणि अपूर्णांकाचं नाव कुणी काढणार नाही. सूचनेबरहुकूम केलेली घडी श्रुतलेखनापेक्षा वेगळी नाही. शंभर पक्षी दुमडणाऱ्या मुलाला १/३ कळेलच असं नाही. तयार साहित्याचंही तसंच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, अनुभवातून शिकण्याचा बोलबाला झाला आणि बाजारात प्लास्टिकच्या अपूर्णांक-चकत्या आल्या. त्या चकत्यांचे समान भाग कारखान्यातच होऊन येतात. मुलानं करायचं काम होतं ते समान भाग करणं, आणि तेच त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. तीन सारखे भाग करताना होणारी झटापट हाच तर धडा आहे.

म्हणूनच मूल्यमापनाचा आग्रह. जे तपासलं जात नाही ते वर्गात टिकत नाही, हे आपल्या शिक्षणाचं कटू वास्तव आहे आणि ते नाकारून उपयोग नाही. यासाठी नवा जीआरही लागत नाही. २०१० पासून पहिली ते आठवीसाठी आकारिक मूल्यमापन आहे. त्यात तोंडीकाम आहे, प्रात्यक्षिक आहे, उपक्रम आहे, प्रकल्प आहे. गुणांची जागा आधीच ठेवलेली आहे. आज ती जागा प्रकल्पाच्या वहीनं व्यापली आहे. चित्रं आईनं कापलेली, चमकी ताईनं लावलेली, माहिती बाबांनी मोबाइलवरून उतरवून दिलेली. त्या वहीतून मुलाला काय येतं हे कुणालाच कळत नाही, आणि बहुधा कुणाला ते कळून घ्यायचंही नसतं.

त्याऐवजी पाचवीच्या मुलाच्या हातात एक वेडावाकडा फाटलेला तुकडा द्यावा, ज्याला एकही सरळ कड नाही. सांगावं, यातून काटकोन करून दाखव. एकदा दुमडला की सरळ रेषा मिळते. ती रेषा स्वतःवरच पडेल असा पुन्हा दुमडला की काटकोन मिळतो. मग विचारावं, हा काटकोनच कशावरून? ‘गुण्यासारखा दिसतो’ हे उत्तर अर्धं. ‘सरळ कोनाचे दोन सारखे भाग झाले म्हणून’ हे पूर्ण. दोन मिनिटांचं तोंडीकाम आहे, साठ मुलं असली तरी आठवड्याभरात आटोपतं. गुण तीन ठेवावेत: घडीला एक, कारणाला दोन. आणि तो तुकडा घरून सजवून आणायला सांगू नये.